निळ्या खडूचे गोल

नाशिकहून वसईला जायला याहून बरे रस्ते आहेत, असं आमचे हे दर खेपेला सांगतात आणि दर खेपेला मी भिवंडीवरूनच जाते. गाडी मी चालवते, तेव्हा रस्ता ठरवायचा हक्कही माझाच. यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत फायली लावण्यात गेली. चाकांपेक्षा त्यांचा विश्वास कागदावर जास्त. माझी गेली शाळेत, फळ्यासमोर. यंदा वसईला पुतणीचं केळवण होतं. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, डबा पांढऱ्या पंच्यात बांधला आणि उजाडता उजाडता निघालो.

कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत सगळं सुरळीत होतं. अंजूर फाटा मागे पडला आणि डाव्या पायाखालचा क्लच एकदम सैल पडला. गाडी कशीबशी एका गोदामाच्या फाटकाजवळ कडेला घेतली. या भागाचं मला नेहमी कुतूहल वाटतं. निळ्या पत्र्यांची प्रचंड गोदामं आणि दोन गोदामांच्या मधल्या पट्टीत कुणाचं तरी कापणी झालेलं भातखाचर. खाचरात दोन बगळे फिरत होते आणि पलीकडे कंटेनर मागे घेणारा माणूस शिट्टी वाजवत होता. बगळे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते.

गोदामाच्या पहारेकऱ्याने मात्र आमच्याकडे लगेच बघितलं. "इधर गाडी मत लगाओ," असं तो दोनदा बजावून गेला. यांनी विम्याबरोबर मिळणाऱ्या मदतसेवेला फोन केला. बिघडलेली गाडी ओढून नेणारं टोचन पाठवतो म्हणाले. ऊन चढलं होतं, म्हणून आम्ही समोरच्या टपरीच्या सावलीत जाऊन बसलो.

चहाचे पैसे द्यायला हे मागे राहिले आणि मी एकटीच परत आले तर टोचनची गाडी येऊन उभी होती. तिचा चालक पाठमोरा, फोनवर बोलत होता. आणि आमच्या पांढऱ्या गाडीवर, पुढे, डाव्या अंगाला, दारावर, निळ्या खडूचे गोल काढलेले. कुठे बांगडीएवढे, कुठे ताटलीएवढे. माझ्या डोळ्यांपुढे तो पहारेकरीच आला. गाडी हलवली नाही म्हणून खुणा करून ठेवल्या असणार, दुसरं काय. इतकी वर्षं फळा पुसलेल्या बाईला खडू दिसला की हात थांबत नाही. डब्याचा पंचा सोडला, बाटलीतल्या पाण्याने ओला केला आणि एकेक गोल पुसून टाकला. बंपरच्या डाव्या कोपऱ्यातला सगळ्यात मोठा होता, त्यासाठी वाकावं लागलं. गाडी कशी लख्ख झाली. माझं मलाच बरं वाटलं.

चालकाने फोन ठेवला, तोवर हेही आले. मागे कंटेनरवाल्यांनी हॉर्नचा ताशा सुरू केला होता. त्याने उन्हात डोळे बारीक करून गाडीचे चार फोटो घाईघाईने काढले, पुढची चाकं पट्ट्याने उचलली आणि आम्हाला म्हणाला, "बसा लवकर. कोनला गॅरेज हाय, तिथं सोडतो."

त्याचं नाव दशरथ. पन्नाशीचा, किडकिडीत, बोलायला मऊ. गाव डोंगराकडचं. घरी थोडी भातशेती, बाकी मिळेल ते काम. त्याच्या शेजारी बसल्यावर माझे प्रश्न सुरू झाले. हे खिडकीबाहेर बघत राहिले, त्यांना माझी खोड ठाऊक आहे. नारपोलीत शिरलो तसा खटक्-खट असा लूमचा आवाज दोन्ही बाजूंनी यायला लागला. मी विचारलं, "इथे कधी काम केलंत का?"

"किती वरसं केला. लूमवर न्हाय, चेकिंगला. कापड तपासाचा काम. शिफ्ट संपली का अख्खा ताका, म्हंजे कापडाचा लांब गुंडाला, टेबलावर वढायचा आनी दोष शोधायचा."

"डोळे दुखत असतील."

"डोले फसवतात बाय," तो म्हणाला. "पांढऱ्या कापडावर उजेड पडला का कायच दिसत न्हाय. हात फिरवायचा. धागा तुटला, गाठ आली, हाताला बरोबर कलतं."

ते वाक्य मी लक्षात ठेवलं, पुतणीला सांगायला म्हणून.

कोनच्या गॅरेजात अन्वरभाईंनी स्वागत केलं. बॉनेट उघडून एक नजर टाकली आणि म्हणाले, "क्लच वायर गेली मॅडम. दोन घंटे. चाय पिओ, खारी खाओ." खारी ताजी होती, बेकरीतून नुकतीच आलेली. ती चहात बुडवते तोच यांचा आवाज आला. गाडी खाली उतरवल्यावर हे तिच्याभोवती एक फेरी मारून आले होते.

"हा पोचा कधी आला?"

बंपरचा डावा कोपरा आत दबला होता. वाटीएवढा खोलगट आणि त्यावर ओरखडे.

दशरथ शांतपणे म्हणाला, "तो आधीचाच हाय साहेब. मी गोल केलावता त्याला."

"कुठे आहे गोल?"

दशरथने वाकून बघितलं. मग डावी बाजू बघितली. मग दार. त्याचा चेहरा उतरत गेला. खिशातून फोन काढून त्याने मघाचे फोटो उघडले. काचेला तडे गेलेला तो पडदा हातांनी सावली करून बघायला लागला. फोटोत आमची गाडी स्वच्छ, पांढरीशुभ्र. गोल नाही आणि त्या उन्हात पोचाही दिसत नव्हता.

"म्हणजे तुमच्याच फोटोत गाडी धडधाकट आहे," हे म्हणाले. "जे नोंदीत आहे ते बोला." आणि त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मदतसेवेला तक्रार पाठवून दिली.

दशरथने आवाज चढवला नाही. "साहेब, माज्यावर दोन तक्रारी हायेत. तिसरी झाली का यादीतून नाव काढतात. ही गाडीच माझा काम हाय. मी खोटा बोलत न्हाय."

मी अजूनही खारी हातात धरून उभी होते. चौकशी करायची खोड अशा वेळीही सुटत नाही. मी विचारलं, "पण गोल कशाला करता?"

"चेकिंगची सवय, बाय. कापडात दोष दिसला का आदी निल्या खडूनं गोल करायचा, मग ताका पुढं द्यायचा. गोल नसंल तं दोष माझा. टोचनलाबी मी तसाच करतो. आधीचा जे हाय, त्याला गोल. मग फोटो. मग गाडीला हात." तो मागे गेला, गुडघे टेकून बसला आणि मागच्या बंपरच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. "हा बगा, एक ऱ्हायलाय."

एक बांगडीएवढा निळा गोल. माझ्या नजरेतून सुटलेला.

लगेच तोंड उघडलं असं लिहायला आवडलं असतं, पण ते खरं नाही. मी आधी स्वतःला पुष्कळ समजावलं. त्या गोलात पोचाच होता कशावरून? मी तर फक्त खडू पाहिला होता. ओढताना लागलंही असेल. मी पुढे गेले, वाकले आणि बंपरच्या कोपऱ्यावरून तळहात फिरवला. हात आत गेला, ओरखड्यांवरून खरखरला आणि वर आला. सकाळी पंचा फिरवताना तो अगदी असाच आत जाऊन वर आला होता. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. हाताला मात्र कळलं होतं.

मी डब्याच्या पिशवीतून पंचा काढला आणि बाकावर पसरला. पांढऱ्या पंच्यावर निळे फराटे.

"गोल मी पुसले," मी म्हणाले. "पहारेकऱ्याने काढले असं वाटलं मला. पोचा आधीचाच आहे."

यांनी पंचा उचलून उजेडात धरला. अन्वरभाई पाना पुसत पुसत थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एवढं वय, एवढी शाळा, आणि एका माणसाची साक्ष मी पाण्याने धुऊन टाकली होती.

तक्रार पाठवणं सोपं असतं, मागे घेणं नाही. फोन मीच लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, नुकसान आधीचं असल्याचा काही फोटो आहे का? नाही म्हटलं. मग खात्री कशावरून? मी म्हटलं, हाताला लागलं होतं. तिने तेच पुन्हा विचारलं, मी तेच पुन्हा सांगितलं. शेवटी तिने माझं म्हणणं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि तक्रार रद्द झाल्याचा संदेश पाठवला. तो येईपर्यंत दशरथ खाली बसून होता. यांनी तो स्वतः त्याला दाखवला आणि "चूक झाली आमची" म्हणाले. यांच्या तोंडून हे शब्द मी फार क्वचित ऐकलेत.

दशम्या आम्ही चौघांनी खाल्ल्या. दशरथने आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली, सोबत सुक्या जवळ्याची चटणी. मी माफी मागायला लागले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाय. आता गोल केला का उभाच ऱ्हाईन मी तिथं."

केळवण उत्तम झालं. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेच्या आत नाशिकला पोचलो. वाटेत एकच गोष्ट मनात घोळत होती. पोचा आधीचा, हे ठीक, पण आला कुठून? गाडी तर माझ्याशिवाय कुणी चालवत नाही. तरी माझा मनातल्या मनात शेजाऱ्यांपासून किराणा दुकानासमोरच्या टेम्पोपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

आमच्या फाटकापाशी हे खाली उतरले, दार उघडायला. उघडलंच नाही. डाव्या खांबाशी वाकून बघत राहिले. मीही उतरून गेले. खांबाच्या काळपट सिमेंटवर, गुडघ्याच्या उंचीला, पांढऱ्या रंगाचा फराटा होता. बरोबर बंपरच्या उंचीला. मी तळहात लावून पाहिला. निघायच्या दिवशी अंधुक उजेडात गाडी मागे घेत बाहेर काढताना एक धक्का बसला होता खरा. तेव्हा मी म्हटलं होतं, दगड असेल.

यांनी फाटक उघडलं. मी घरात गेले. शाळा सुटली तरी टेबलाच्या खणात खडू असतात माझ्या. त्यात निळा सापडला. बाहेर येऊन मी त्या फराट्याभोवती गोल काढला. आणि उभी राहिले तिथे.