घाटातला मुका खेळ

तात्यांचा हात डोक्यावर पडल्याशिवाय त्यांच्या जीपमधून कुणाचा प्रवास सुरू होत नसे. मुरगूडच्या स्टँडबाहेर ते वडाप, म्हणजे सीटवार प्रवासी, भरायचे. गाडी भरली की मागे यायचे आणि एकेकाच्या डोक्याला तळहात लावायचे. टोपी असो, पदर असो, तेल लावून पाडलेला भांग असो. नवखा माणूस चिडायचा. "आमी काय मेंढरं हाय व्हय, तात्या?"

"मेंढरं आपली आपन गोळा हुत्यात," तात्या म्हणायचे. "मानसांचं तसं न्हाय."

लोक हसायचे. मी गाडीत असले तर मला हसू येत नसे. ही सवय त्यांना कोणत्या दिवशी लागली हे मला माहीत होतं. कुणामुळे लागली, हेही.

तात्या आमच्याच वस्तीतले, चौथ्या दारात राहणारे. नात्याचे कुणी नव्हते. दर मे महिन्यात एकाच घरात राहणारे आम्ही आणि काकांकडचे मिळून त्यांच्या जीपमधून रत्नागिरीला मावशीकडे जायचं, हा ठरलेला कार्यक्रम. पुढे तात्यांशेजारी वडील आणि काका, मधल्या बाकावर आई आणि तान्ह्याला घेऊन काकी, आणि मागे समोरासमोरच्या बाकांवर आम्ही पाच पोरं. आमच्या मधे वळकट्या. सकाळी लवकर निघालं तरी पोचायला जेवणवेळ टळायची.

एवढा वेळ पोरांना धरून ठेवायचं काम तात्या गाडी चालवता चालवता करायचे. कागल यायच्या आत प्रत्येकाला एकेक खातं मिळालेलं असे. "मंगे, तुझ्याकडं पूल. सुन्या, तुझ्याकडं म्हशी." मंगी म्हणजे मी; सुन्या म्हणजे काकीचा थोरला, तेव्हा सहा वर्षांचा. म्हैस दिसली की तो किंचाळायचा, "तात्या, म्हस!"

"गाभन हाय का?"

"ठावं न्हाय!"

"मग कसला रं तू म्हशीचा सायेब? उतर, इचारून ये जा."

आम्ही हसून एकमेकांवर पडायचो. ज्याला मळमळायचं त्याला ते 'खिडकीचा पाटील' करायचे, त्यामुळे ओकणाऱ्या पोरालाही मान मिळायचा. वडील वैतागायचे, "तात्या, जरा गप करा की ह्यास्नी." तात्या म्हणायचे, "गाडी डिझेलवर चालती आसं तुमाला वाटतंय. ही चालती मागच्या पोरांच्या तोंडावर."

फक्त आंबा घाटासाठी त्यांचा नियम वेगळा होता. मलकापूरला चहा झाला की ते टाळी वाजवायचे. "घाट झोपल्याला असतोय. तोंडातनं शबुद निघाला की जागा हुतोय. एक, दोन, तीन, मुके!" तिथून घाट उतरून साखरपा येईपर्यंत जो बोलणार नाही त्याला बक्षीस. बक्षीस म्हणजे तात्यांच्या दाराजवळचा पितळी भोंगा, त्याचा काळा रबरी फुगा दोन्ही हातांनी दाबायचा. आता कळतं की वळणांवर त्यांना शांतता हवी असायची. तेव्हा मात्र तो भोंगा हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस होतं. मी बडबडी, त्यामुळे कधीच जिंकले नव्हते.

त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. मलकापूरला टाळी वाजली. आम्ही पाचही जण तोंड मिटून बसलो. रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. चरक फिरला की त्याची घुंगरं वाजत होती. सुन्यानं माझ्याकडे बघितलं, एक बोट वर करून 'आलोच' अशी खूण केली आणि मागच्या फळीवरून अलगद खाली उतरला. बोलायचं नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलंही नाही. तो चरकासमोर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि जीप सुटली.

मी ओरडले नाही.

पहिल्यांदा वाटलं, पळत येईल. मग वाटलं, पुढे कुणाच्या तरी लक्षात येईल. वळकट्यांच्या आडच्या बाकीच्या तिघांना तो काकीजवळ गेला असेल असं वाटलं, पुढच्यांना तो मागे आहे असं वाटलं. मी तोंडावर हात दाबून धरला. रस्ता मागे मागे जात होता.

आंबा गाव आलं तेव्हा काकी आवळा सुपारी द्यायला मागे वळली. "सुन्या कुठाय?" कुणी बोललं नाही. खेळ चालू होता. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हाही मी पहिली बोलले नाही. माझा धाकटा भाऊ बोलला, "हिकडं न्हाय," आणि त्याच्यानंतर मी तोंड उघडलं. 

तात्यांनी जीप कशी वळवली आणि कशी हाणली ते मला सांगता येणार नाही. काकी सगळ्या वाटेनं स्वतःच्या तोंडात मारून घेत होती. सुन्या गुऱ्हाळाच्या बाकड्यावर बसला होता, समोर रसाचा भरलेला पेला. मालक तात्यांना म्हणाला, "कवाधरनं इचारतोय, कुनाचा रं तू, गाव कंचं. पोरगं तोंडच उघडंना. मुकं हाय व्हय, पावणं?"

सुन्यानं ओठांवर बोट ठेवलं होतं. काकीनं त्याला थप्पड मारली, मग छातीशी धरलं, तरी तो बोलला नाही. सगळा घाट तो तसाच बसून होता. साखरप्याला गाडी थांबल्यावर त्यानं तात्यांना विचारलं, "जिंकलो?"

तात्या स्टेअरिंगवर डोकं टेकून रडले. भोंगा कुणीच वाजवला नाही.

घरी आल्यावर तात्या आजीला सांगायला आले, "खेळ माझा हुता, चूक माझी. सुन्याच्या आईला बोलू नगा." पण बाहेरच्या माणसाचं कोण ऐकतं? 'पोरगं इसरून चा पिनारी आई' हे वाक्य आमच्या घरात कित्येक वर्षं राहिलं. दूध उतू गेलं तरी आजी तेच काढायची. काकी मान खाली घालून काम करत राहायची. तेव्हापासून ती बाहेर कुठे चहा पीत नाही. मी तिच्या शेजारी बसून अभ्यास करायचे.

तात्यांनी भोंगा काढून टाकला. त्या जागी पत्र्याला दोन भोकं उरली. पुढच्या वर्षीपासून घाटात उलटा नियम आला. "बोला रं, बोलत ऱ्हावा! कोन गप हाय?" प्रत्येकानं आपापलं नाव ओरडत राहायचं. मागे क्षणभर शांत झालं तर ते गाडी कडेला घ्यायचे आणि उतरून डोक्यांना हात लावायचे. "मागं आवाज हाय म्हंजी सगळं हाय," म्हणायचे.

बारावी होऊन कोल्हापूरच्या कॉलेजात निघालेली आमच्या घरातली मी पहिली. वडिलांना कामावरून सुटी मिळाली नाही, म्हणून माझी पत्र्याची ट्रंक घेऊन तात्याच मला होस्टेलला सोडायला आले. गाडीत आम्ही दोघंच. कागलच्या पुढे मी सांगून टाकलं. "तात्या, त्या दिवशी सुन्या उतरताना मी बघितलंतं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "आरशात तू दिसत हुतीस. तोंडावर हात, डोळ्यांत पानी. मला वाटलं, पोरगी भ्यालीया, पर यंदा जिंकल्याबिगर हटत न्हाय. मी गालात हसलो बग. कवा न्हवं ते तुला भोंगा मिळंल म्हनून लई बरं वाटलं. ते हसल्यालं मला अजून सोसंना झालंय."

एवढी वर्षं दोघांनी एकाच आरशातलं ओझं वेगवेगळं वाहिलं होतं.

"काकीला सांगू?" मी विचारलं.

"ते मी कोन सांगनार? पर शिकायला चाललीयास. शिकून बी गपच बसायचं आसलं तर घरात काय वाईट हुतं?"

होस्टेलच्या फाटकात त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग सवयीनं रिकाम्या गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन बघून आले. पुढची तीन वर्षं दर आठवड्याला कोल्हापूरला येणाऱ्या कुणा ना कुणा वडापवाल्याच्या हाती आईनं दिलेल्या भाकरी ते पोचत्या करत राहिले. पदवीचा कागद मी आधी त्यांच्या हातात दिला. त्यांनी हात धोतराला पुसून तो धरला.

ते गेले तेव्हा मी गारगोटीला शाळेत शिकवत होते. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांच्या बायकोनं सांगितलं, शेवटच्या दिवसांत खाटेवर पडून ते एकच विचारायचे, "मागं आवाज हाय न्हवं?" मग नातवंडं मुद्दाम परड्यात जाऊन दंगा करायची.

आता आमची स्वतःची गाडी आहे. मे महिन्यात रत्नागिरीला निघालो की माझी दोन पोरं मलकापूरच्या आधीच मागे झोपी जातात. गाडी गप्प होते आणि माझा हात मागे जातो. "झोपू दे की त्यांना," नवरा म्हणतो. दोन डोकी लागतात. हात तरीही त्यांच्या पलीकडे, सीटच्या मोकळ्या जागेवर जातो.

सुन्या आता गॅरेज चालवतो. त्याला मी त्या दिवसाबद्दल विचारलं होतं. म्हणाला, "अक्का, मला निस्ती घुंगरं आठवत्यात." काकीला मी अजून विचारलेलं नाही, सांगितलेलंही नाही. तिला वाचता येत नाही. येत्या रविवारी मुरगूडला जाऊन हे लिहिलेलं तिच्यासमोर मोठ्यानं वाचणार आहे. आधी वाचीन, मग चहा ठेवीन. तो ती माझ्या हातून घेईल की नाही, मला माहीत नाही.