मिक्सरवरच्या टिकल्या

दत्तमंदिरात दत्ताच्या खालोखाल मान श्रीनिवासरावांचा, असं निदान श्रीनिवासरावांचं मत होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून कोथरूडच्या त्या देवळाचे माइक, स्पीकर आणि आवाजाचा मिक्सर त्यांच्या ताब्यात होते. मिक्सरच्या खोलीत भिंतभर पाट्या होत्या. 'हात लावू नये.' 'श्रीनिवासरावांना विचारल्याशिवाय काहीही करू नये. विचारल्यावरही सहसा करू नये.' देवळात सेवेला येणारी माणसं फरशी पुसत, हार करत, प्रसाद वाटत; पण त्या खोलीच्या वाऱ्याला उभी राहत नसत.

एके दिवशी त्यांच्या पत्नीने, पद्मजाबाईंनी, चहा पुढ्यात ठेवत सांगितलं, "दर गुरुवारी मी भजन म्हणते आणि तुम्ही आत कानाला हेडफोन लावून बसता. दत्तजयंतीला समोर बसून ऐका. जमणार नसेल तर तसं सांगा, मी पुन्हा विचारणार नाही."

ते शेवटचं वाक्य श्रीनिवासरावांना लागलं. बसायचं तर ठरलं, पण मिक्सर कोण बघणार? पाट्यांच्या धाकाने कुणी तयार होईना. शेवटी हार करणाऱ्या इंदुबाई हो म्हणाल्या. श्रीनिवासरावांनी ध्वनी म्हणजे काय इथपासून सुरुवात केली, तेव्हा इंदुबाईंनी जांभई दाबत विचारलं, "भाऊ, फिरवायचं काय तेवढं सांगा."

मग पद्मजाबाईंनी टिकल्यांचं पाकीट आणलं. बाकी सगळ्या बटणांवर चिकटपट्टी बसली. दोनच उघडी राहिली: आवाजाचं आणि घुमाऱ्याचं. आवाज लाल टिकलीपर्यंत, घुमारा हिरवीपर्यंत. घुमाऱ्यावर श्रीनिवासरावांचा भारी जीव. देवळात आवाज घुमला नाही तर तो स्वयंपाकघरातला वाटतो, असं ते म्हणत.

दत्तजयंतीला ते पहिल्या रांगेत बसले, पण जीव मागच्या खोलीत. पद्मजाबाईंनी आलाप घेतला आणि श्रीनिवासरावांच्या कपाळावर आठी पडली. घुमारा नव्हता.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत इंदुबाईच आल्या आणि कानाशी वाकल्या. "सणाचं म्हणून मशीन ओल्या फडक्याने पुसलं, हळदकुंकू वाहिलं. हिरवी टिकली निघाली हो. लाल आहे जाग्यावर. हिरवीचं कुठवर फिरवू? विचारल्याशिवाय करू नये असं लिवलंय ना तुम्ही."

श्रीनिवासराव उठायला लागले. अर्धे उठले असतील नसतील, पद्मजाबाईंनी गाता गाता त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बसले. दुसरं काही सुचेना म्हणून ऐकू लागले.

वरच्या सुरावर पद्मजाबाईंचा आवाज किंचित थरथरत होता आणि पुन्हा अलगद जागेवर येत होता. शब्दन् शब्द कळत होता. इतकी वर्षं हे आपल्याला माहीतच नव्हतं, या विचाराने त्यांना आनंद झाला आणि लाजही वाटली.

"भाऊ, काय करू?"

"राहू द्या," श्रीनिवासराव म्हणाले. "हात लावू नका."

भजन संपल्यावर बायकांनी पद्मजाबाईंना गराडा घातला. श्रीनिवासराव मागे ताटकळत उभे राहिले आणि गर्दी ओसरल्यावर पुढे झाले.

"आज फार सुंदर गायलीस."

पद्मजाबाईंनी टाळ पिशवीत ठेवले. "मी दर गुरुवारी अशीच गाते," त्या म्हणाल्या.