सूनबाईच्या डोळ्यांखालचं काळं

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. आमच्या कऱ्हाटी गावात कुणाच्या अंगात आलं की मी पुढं होऊन विचारते, "देवा, बीपीची गोळी घेतली का?" शाळा सातवीपर्यंतच झाली, पण वाचायचं वेड भारी… भेळीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. या सदरातले अनुभव तर मी नेमानं वाचते आणि हसते. आता तुमची पाळी. खुशाल हसा, पण मी लिहिते त्यातलं एक अक्षर खोटं नाही.

माझी सून अश्विनी बारामतीला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. नाईट ड्युटी तिनं स्वतः मागून घेतलेली. सकाळी स्कूटीवरनं घरी येते, तेव्हा डोळ्यांखाली हे एवढं काळं! चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला बोट लावून गोल फिरवावं ना, तसं. डाव्या डोळ्याखाली त्या काळ्यात तिळाएवढा पांढरा ठिपका - लहानपणी कांजिण्या आल्या होत्या त्याचा. हा ठिपका लक्षात ठेवा.

मी विचारलं, "हे कशानं गं होतं?"

"आई, जागरणानं होतं. रक्त कमी असलं, डोळे सारखे चोळले, मोबाईल फार बघितला, तरी होतं. काहींच्या घराण्यातच असतं."

"कुणाच्या घराण्यात?" मी लगेच विचारलं. ती हसली आणि उशीत तोंड खुपसून झोपली.

मला काही ते काळं खुपत नव्हतं. खुपत होत्या त्या इंदापूरच्या विहीणबाई - अश्विनीची आई. त्यांनी व्हिडिओ कॉलवर लेकीचं तोंड बघितलं आणि मला म्हणाल्या, "ताई, लेक दिली तवा गालावर टोमॅटो हुते. आता डोळ्याखाली वांगी आली. झोपू देता का न्हाय पोरीला?"

आता बोला! त्यात धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून पुरणाचे धोंडे वाढायचे, वाण द्यायचं, ही आपली रीत. विहीणबाईंनी माझ्या मुलाला, सुनेला आणि आम्हा दोघांनाही बोलावलं. अख्खी भावकी जमणार. तिथं ही पोर असलं तोंड घेऊन गेली, की "सासू छळते" हे इंदापूरच्या बाजारापर्यंत पोचलंच म्हणून समजा. वीस वर्षं बचत गट चालवून मिळवलेलं माझं नाव एका दुपारीत मातीत!

मग मी उपायांच्या मागं लागले. बटाटा किसून, त्याचा रस कापसावर घेऊन डोळ्यांवर ठेवला. काकडीच्या चकत्या ठेवल्या… तर आमच्या मालकांनी जाता जाता त्यातली एक उचलली, मीठ लावलं आणि खाल्ली. सुनेच्या डोळ्यावरची! मोबाईलमध्ये एकीनं सांगितलं, चहाच्या वापरलेल्या पिशव्या गार करून ठेवा. आमच्याकडं कुठल्या पिशव्या? मी गाळणीतला चोथा फडक्यात बांधून ठेवला. साखर, आलं, सगळं त्यात. घटकाभरात मुंग्यांची रांग उशीवरनं थेट पापणीपर्यंत! पोर किंचाळत उठली.

शिवाय हे सगळं ती झोपल्यावरच आठवायचं मला. मग हलवायचे, "ऊठ गं, तेल लावू दे, मग झोप." तेवढ्यात तिच्या आईचा फोन - "झोपलीस का गं बाळा?"

जायच्या आदल्या रात्री अश्विनीला सुट्टी होती, तेव्हा मी हिय्या केला. एकेकानं गुण येत नाही ना, मग चौघांना एकदमच कामाला लावू! बटाट्याचा रस, गार दूध, गुलाबपाणी, बदामाचं तेल - सगळं एका वाटीत कालवलं आणि कापूस भिजवून तिच्या डोळ्यांवर ठेवला. लावताना तोंडातनं निघून गेलं, "जा बाबा, दुसरं घर बघ."

सकाळी अश्विनी आरशापुढं उभी. "आई… बघा की हो!"

डोळ्यांखाली एकदम लख्ख. बरं, तो कांजिण्यांचा ठिपकासुद्धा गायब! मला वाटलं, बदामाचं तेल भारी निघालं.

मालकांची शेताला पाणी द्यायची पाळी होती, ते घरीच राहिले. गाडी माझ्या मुलानं, महेशनं चालवायला घेतली. ऊन म्हणून त्यानं घरातनं निघतानाच काळा गॉगल चढवला होता. वाटेत जंक्शन गावात चहा घेतला, निमगावात विड्याची पानं घेतली, आणि माझी छाती अशी फुगलेली, की येऊ दे आता भावकी!

इंदापुरात दारात विहीणबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. आधी लेकीचं तोंड निरखलं. डावीकडनं, उजवीकडनं. काही सापडेना. मी आपली पदर सावरत हसतेय. तेवढ्यात महेशनं गॉगल काढला.

"अगं बया!" विहीणबाईंच्या जाऊबाई ओरडल्या. "जावयाच्या डोळ्याखाली काजळ कुणी फासलं?"

मी पुढं होऊन बघितलं. तेच काळं, तेवढंच गोल. आणि डाव्या डोळ्याखाली तिळाएवढा पांढरा ठिपका! महेशला कांजिण्या कधी आल्याच नाहीत हो. आणि झोप म्हणाल, तर दारावरनं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून गेले तरी कूस न बदलणारा गडी!

पंगत बसली. बायकांची कुजबुज सुरू झाली. "ह्यांची लेक रातभर ड्युटीला, जावई घरात जागा. पार वाळलं की पोरगं." विहीणबाईंचं तोंड धोंड्याएवढं झालं. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती तरी मला आतनं गुदगुल्या होत होत्या.

विहीणबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. जेवण झाल्यावर त्यांनी जावयाला खाटेवर झोपवलं, गार दुधात कापूस बुडवला. "जावई काय नि लेक काय, एकच," म्हणत स्वतःच्या हातानं डोळ्यांवर ठेवला. पुरण खाल्लेला माणूस, घोरायला किती वेळ लागतोय?

चहाच्या वेळेला महेश उठला. तोंड लख्ख! बायका माना डोलवायला लागल्या आणि आतनं विहीणबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या…

विहीणबाईंच्याच डोळ्यांखाली काळं. डावीकडं ठिपका.

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "अक्का, आरसा बघता का जरा?"

त्यांनी बघितला. ट्रे माझ्यासमोर आदळून म्हणाल्या, "तुमी आणलं हे! कऱ्हाटीवरनं डब्यात भरून आणलं!"

"ते काय लोणचं हाय का, बरणीत भरून आणाय?" मीही भडकले. "तुमच्याच लेकीचं हाय, तुमच्याच घराण्यातलं. घरला आलं!"

"माझ्या लेकीला जागवता तुमी!"

"आणि भरदुपारी फोन कोण करतं वो?"

"बास!" अश्विनी एवढ्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती. रडतही होती, चिडलीही होती. "ड्युटीनं न्हाय झालं मला काय. मी सकाळी येते, झोपते. आई उपाय कराय उठवतात. परत झोपते, मम्मी फोन करून विचारती, झोपलीस का. दोघींच्या मायेत मला दोन तास सलग झोप न्हाय! हे असंच चाललं, तर मी दवाखान्यातच खोली घेऊन राहते. तितं पेशंट तरी झोपू देत्यात!"

मी ट्रे उचलून बाजूला ठेवला. भावकी चहा न घेताच पांगली.

विहीणबाई भिंतीला टेकून बसल्या. मघाचा सगळा आवाज गेलेला. त्या दुधाच्या वाटीकडं बघून मला म्हणाल्या, "ताई… लावता का वो?"

महेश लांब सरकला. अश्विनी पुढं आली, "मी लावते मम्मी." मी तिचा हात धरला. म्हटलं, "तू झोप जा आतल्या खोलीत. दार लावून घे. फोन इथं ठेव." आणि मी स्वतः वाटी घेतली. गुमान कापूस ठेवला. कापसाखालनं विहीणबाई म्हणाल्या, "तुमचा हात लई हलका हाय बघा." पहिल्यांदाच चांगलं बोलल्या.

बरोबर ओळखलंत. संध्याकाळी परत येताना गाडीच्या आरशात मी बघितलं, तर ठिपक्यासकट सगळं माझ्या डोळ्यांखाली. तेव्हापासून ते माझ्याकडंच आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरना दाखवलं. ते म्हणाले, वयानं होतं. म्हटलं, "आणि ठिपका?" तर चष्मा पुसत बसले. मालक म्हणतात, आधीपासनंच असेल, तुझ्याकडं बघितलंय कोण! विहीणबाईंचा आता मला फोन येतो, तोही चार वाजल्यावर. अश्विनी दुपारभर गाढ झोपते. तिच्या गालावर परत टोमॅटो आलेत, दृष्ट काढावी असे.

हे काय होतं, कसं झालं, मला आजही कळलेलं नाही. कुणाला असा अनुभव आला असेल, काही कारण माहीत असेल, तर जरूर लिहा. फक्त हात जोडून विनंती - उपाय सुचवू नका. गुण आला तर काय करू? पलीकडच्या खोलीत पोर झोपलीय.