सात पकडींचा मध्यरक्षक

त्या गृहस्थांना कबड्डी कळत नव्हती असं मी म्हणणार नाही. त्यांना बघता येत नव्हतं. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

दोहात विश्वचषकाची स्टेडियमं उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. आम्ही फरीज बिन ओमरानमध्ये राहायचो. ह्यांच्या साइटवरचे आपले मराठी कामगार शुक्रवारी सकाळी अल वक्राच्या एका मोकळ्या प्लॉटवर कबड्डी खेळायचे. नमाजाच्या वेळेआधी दोन सामने उरकायचे. मी नाशिकला कॉलेजात चार वर्षं खेळलेली, म्हणून गुण लिहायला माझी वर्णी लागली. घडीची खुर्ची, वही आणि डोक्यावर ओढणी. सगळे मला वहिनी म्हणायचे.

त्यांच्यात सांगलीकडचा एक स्कॅफोल्डर होता, परांच्या बांधणारा, चोवीस वर्षांचा, मध्यरक्षक. कोपऱ्यातला गडी चढाईवाल्याचा पाय धरतो, त्याच वेळी परतीची वाट अडवायची ती मध्यरक्षकाने. टाळ्या पाय धरणाऱ्याला. पण हा वाटेत उभा नसेल तर धरलेला पायही सुटतो आणि चढाईवाला रेषेला हात टेकवून मोकळा होतो. असला खेळाडू हातांवरून नाही, पायांवरून ओळखायचा. तो जागा कधी सोडतो ते बघायचं. चढाईवाल्याने हूल दिली की बाकीचे सहा जण हलायचे, हा हलत नसे. नेमक्या वेळी एकच पाऊल टाकायचा आणि छाती आडवी घालायचा. मी स्वतः त्याच जागेवर खेळले आहे, त्यामुळे हे उगाच कौतुक नाही.

भारतातल्या एका व्यावसायिक संघासाठी खेळाडू निवडणारे गृहस्थ आपल्या भावाकडे दोहात आलेत, असं ह्यांना कळलं. मी हात धुऊन मागे लागले, तेव्हा ह्यांनी फोन केला. ते येतो म्हणाले. आमच्या मध्यरक्षकाचा करार महिन्याभरात संपत होता. निवड झाली तर तो घरी जाऊन खेळणार होता, नाहीतर पुन्हा सही करून आणखी दोन वर्षं परांचीवर चढायचं. ऑफिसातून दोनदा विचारणा झाली तरी त्याने सही लांबवली होती.

गृहस्थ आले, माझ्या शेजारी बसले आणि अर्धा सामना होईपर्यंत फोनमध्येच डोकं घालून राहिले. मध्यंतरात त्याला बोलावलं. टेप आहे का विचारलं, तर त्याने आपल्याच खिशातून साइटवरची टेप काढून दिली. उंची मोजली, हात मोजला, मांडी मोजली. वजनकाटा मी घरून नेला होता, त्यावर उभं केलं. अरे, बैल विकत घ्यायचाय का तुम्हाला? "उंची जरा कमी पडते," एवढंच बोलले. दुसऱ्या अर्ध्यात त्याने तीन चढाया अडवल्या, तिन्ही एका पावलात. गृहस्थ म्हणाले, "कोपरा बरा आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग त्यांनी माझी वही मागितली. वर्षभराची पानं उलटली. म्हणाले, "मॅडम, याच्या नावावर सात पकडी आहेत. सात पकडींचा मध्यरक्षक बघायला बोलावलंत मला?"

आमच्याकडे कॅमेरा नव्हता. चौघं एकावर एक पडले, वाळू उडाली की मी विचारायची, "कुणाची?" आणि हा अंग झटकत म्हणायचा, "दादांची." दादा म्हणजे कोपऱ्यात खेळणारा त्याचा मुकादम, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. मोठ्या माणसाच्या आधी आपलं नाव घ्यायचं नाही, हे तो घरून घेऊन आलेला. मला बहुतेक वेळा खरं काय ते दिसलेलं असायचं. तरी मी दादांचं नाव लिहायची. घरी मुलीला सांगायची, बघ, याला वळण म्हणतात. ती म्हणायची, "बट आई, दॅट्स नॉट फेअर." मी तिला गप्प बसवायची.

हे सगळं मी गृहस्थांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वही परत दिली आणि म्हणाले, "वर मला कागद दाखवावा लागतो." गाडीत बसून गेले. जाताना सातांपैकी कुणाकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

मी तशीच तणतणत मुकादमाकडे गेले. "तुम्ही तरी बोलायचं होतं. इतक्या पकडी आपल्या नाहीत हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

तो गुडघ्याची पट्टी सोडत होता. शांतपणे म्हणाला, "बोललो हुतो की वैनी. पयल्याच महिन्यात, दोनदा. तुमीच म्हनला, पोरगं मान देतंय तर घ्या मुकाट्यानं."

म्हणाले होते मी तसं. हसून म्हणाले होते, आणि पुढची ओळ लिहायला घेतली होती. दुसऱ्या कुणी माझ्या खेळाचं असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

वजनकाटा त्या पोरानेच गाडीपर्यंत आणून दिला. डिकीत ठेवला, वाळू पुसली. म्हणाला, "वैनी, दादास्नी काय बोलू नगा. त्यांचा काय दोष न्हाई त्यात." मी डिकी लावली.

रविवारी त्याने ऑफिसात जाऊन दोन वर्षांची सही केली.