‘रिफंड येईल’ म्हणणारा माणूस

जयपूरच्या सीतापुऱ्यात मी नोकरी करते त्या कारखान्याच्या मॅनेजरने मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण ही हकिगत ज्यांना ज्यांना सांगितली ते सगळे शेवटी मलाच विचारतात, “पण तो रकाना तूच रिकामा सोडलास ना?” हो, मीच सोडला. का सोडला, ते कुणी विचारत नाही.

मी इचलकरंजीची. वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर राबले. मी जयपूरला आले ती छापील कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात, नमुन्यांना चिठ्ठ्या लावायच्या कामावर. तिथून खरेदीपर्यंत पोचले ते कुणाच्या ओळखीने नाही. कापड बोटांत धरलं की मला त्याचा भाव कळतो, आणि छपाईवाल्याने सांगितलेला भाव मी कधीच पहिल्या दमात मान्य करत नाही. मीटरमागे चार आण्यांसाठी मी दुपारभर भांडलेली आहे आणि ते चार आणे मिळवलेले आहेत.

दिवाळीच्या आधी मी तो कारखाना सोडला आणि त्याच भागातल्या दुसऱ्या कारखान्यात गेले. तिथला मॅनेजर माणसं नेमायचा, पगार ठरवायचा आणि पगारातला टॅक्सही कापायचा. मालकाने दोघांचं काम एकाकडून करून घेतलं होतं.

पगाराची बोलणी सुरू झाल्यावर त्याने पहिलाच प्रश्न केला, आधी किती मिळत होते? हा प्रश्न मी स्वतः रोज छपाईवाल्यांना विचारते. मागच्या गिऱ्हाइकाला काय भावाने दिलंस, हे एकदा समोरच्याच्या तोंडून निघालं की पुढचा सौदा आपल्या खिशात. म्हणून मी त्याला सांगितलं, “माझी किंमत माझ्या जुन्या मालकाला विचारून ठरवायची असेल, तर त्यालाच नोकरीवर ठेवा.”

तो हसला. म्हणाला, “मॅडमजी, तुम्ही आमच्याकडे खरेदीला येताय की विकायला?”

तासभर ओढाताण झाली आणि मला हवा होता जवळपास तेवढा पगार मिळाला. मग त्याने सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा सरकवला. त्यातल्या एका पानावर, याच वर्षात आधीच्या नोकरीत किती पगार मिळाला आणि किती टॅक्स कापला गेला, ते लिहायचं होतं. जो आकडा मी समोरच्या दाराने आत येऊ दिला नव्हता, तो आता मागच्या दाराने मागत होते. कागद भरून परत द्यायचा तोही त्याच माणसाच्या हातात. पहिल्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हा रकाना इमानदारीने भरला होता. पगारवाढीची वेळ आली तेव्हा तोच कागद तिच्यापुढे ठेवला गेला. इथे येतानाच तुम्हाला भरपूर वाढ मिळाली आहे, आता कशाची मागता?

मी विचारलं, हे सक्तीचं आहे का? तो म्हणाला, “नाही, तुमची मर्जी.” मी पान कोरं ठेवून सही केली. कोरं ठेवलं तर काय होईल, हे त्याने सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यापासून हातात पगार आला तो टॅक्स न कापता. पहिल्या ठिकाणी दरमहा कापत होते आणि पगार कमी होता. इथे पगार जास्त आणि टॅक्स शून्य. मला शंका आली. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ विचारलं, की माझ्या पगारावर खरंच टॅक्स बसत नाही का? तो म्हणाला, हिशोबात बसत नाही. मग मी विचारलं, “आणि पहिल्यांनी कापलेला?”

“तो रिफंडमध्ये येईल, मॅडमजी. निश्चिंत राहा.”

ज्या माणसाने माझ्या आधीच्या नोकरीवरून माझ्याशी तासभर घासाघीस केली होती, तो हे बोलला. अर्धं वर्ष मी दुसरीकडे कमावलं आहे हे त्याला माहीत होतं. तरी त्याने मला उलट एक प्रश्न विचारला नाही.

त्या शब्दावर मी जयपूरजवळ आमेरला गेले. तिथे एका म्हाताऱ्या बाबूजींची छपाईची जुनी शेड रिकामी होती. लांब टेबलं, पाण्याची सोय, वर पत्रा. किती वर्षं मी दुसऱ्यांसाठी छापून घेतलं होतं, आता स्वतःचं छापायचं होतं. भाडं मी घासाघीस करून पाडून घेतलं. त्यांनीही अट घातली: विसार आत्ता, उरलेलं डिपॉझिट जुलै संपायच्या आत, नाहीतर विसार बुडाला. मी मान्य केलं. उरलेल्या रकमेत मी माझी बचत धरली आणि रिफंड धरला.

रिटर्न भरायला मी जवाहर नगरातल्या काकांकडे गेले. विम्यातून निवृत्त झालेले, बदलीने इथे आले ते इथेच राहिलेले. इथली बरीच मराठी माणसं त्यांच्याकडूनच रिटर्न भरून घेतात. काकांनी दोन्ही कारखान्यांचे फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचे आणि कापलेल्या टॅक्सचे दाखले, शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “अगं, तुझा रिफंड नाही. तुलाच भरायचे आहेत.”

मी म्हटलं, पुन्हा मोजा. त्यांनी पुन्हा मोजलं. मग समजावलं. पहिल्यांनी धरलं होतं की वर्षभर तू त्यांच्याकडेच राहशील, म्हणून त्यांनी त्या हिशोबाने थोडा थोडा टॅक्स कापला. दुसऱ्यांना आधीचा पगार माहीतच नाही. त्यांच्या लेखी तू वर्षात फक्त त्यांच्याकडचंच कमावलंस, आणि तेवढ्यावर टॅक्स बसत नाही. वर्षाला एकदाच मिळणारी टॅक्समधली सूट दोघांनीही पूर्ण दिली. आता दोन्ही पगार एकत्र केले की टॅक्स वाढतो आणि कापलेला कमी पडतो.

“दोन नोकऱ्या, दोनदा सूट. मग बरोबर आहे की,” मी म्हटलं.

“नोकऱ्या दोन, पण बाई एकच ना?”

मी घासाघीस करून बघितली. एकच नोकरी दाखवली तर? काका शांतपणे म्हणाले, दोन्ही पगार खात्याला आधीच दिसतात, मला आज दिसले एवढाच फरक. वर व्याजही लागेल, कारण टॅक्स वर्षाच्या आतच भरायला हवा होता. काकू आतून म्हणाल्या, हिच्याशी व्याजावर वाद घालू नका, तेही ही कमी करून घेईल. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

टॅक्स मी भरला, व्याजासकट. त्यात बचतीतलेच पैसे गेले. आमेरच्या बाबूजींकडे मुदत मागायला गेले. त्यांनी पाणी दिलं, बसवलं, माझ्या इचलकरंजीची चौकशी केली आणि विसार ठेवून घेतला. पुढच्याच आठवड्यात शेड दुसऱ्याला दिली. त्यांच्यावर माझा राग नाही. सौदा ठरला होता तसाच त्यांनी पाळला. मीही हेच केलं असतं.

राग मॅनेजरवर आहे. मी दोन्ही फॉर्म सोळा त्याच्या टेबलावर टाकले. तो न बघताच म्हणाला, “टॅक्स तर तुमचाच होता, मॅडमजी. आम्ही कुठे खाल्ला? आणि रकाना तुम्हीच सोडलात.”

टॅक्स माझाच होता, मान्य आहे. तो मी भरला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो वेळेवर कापला असता तर मी आमेरला वेगळा सौदा केला असता, लहान शेड घेतली असती, मुदत लांबवली असती, विसार कमी दिला असता. मला ते जमतं. खोट्या आकड्यावर मात्र कुणालाच सौदा जमत नाही, आणि तो आकडा मला त्याने दिला.

मी अजून त्याच कारखान्यात आहे, कारण पगार चांगला आहे आणि तो मी भांडून मिळवला आहे. मालकांना भेटायची वेळ मागितली, तर मॅनेजरमार्फत या असा निरोप आला. म्हणून इथे विचारते. जो माणूस माझी किंमत पाडायला बसला आहे, त्याच्याच हातात माझा जुना पगार लिहून द्यावा लागेल अशी व्यवस्था मालकांनी का ठेवली? तो कागद बंद पाकिटातून सरळ हिशोब करणाऱ्या वेगळ्या माणसाकडे गेला असता, तर मी रुपयापर्यंत भरून दिला असता. आणि मॅनेजरसाहेब, रकाना कोरा आहे हे माहीत असताना ‘रिफंड येईल’ असं तुम्ही कशाच्या आधारावर सांगितलंत? मला याचं उत्तर पाहिजे. माझ्या विसाराचे आणि व्याजाचे पैसेही पाहिजेत, आणि या दोन रकमांवर मी घासाघीस करणार नाही.