जिभेखालची तार

आल्हाद एका विमा कंपनीत सर्व्हेअर होता. गारपीट झाली की दिंडोरीकडच्या द्राक्षबागांचं नुकसान पाहायला त्यालाच पाठवत. दुपारी गाडी चालवताना डोळे जड व्हायचे. मग बाजूला थांबून तो तोंडावर पाणी मारायचा. त्याच्या घोरण्याची घरात सगळ्यांनाच सवय झाली होती. "दमतो तो," त्याचे वडील, नाना, म्हणत.

मागच्या फेब्रुवारीत त्याने नानांना वणीला देवीच्या दर्शनाला नेलं. परतताना तीनच्या सुमारास त्याचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून बाभळीवर आदळली, ती नानांच्या बाजूने. नाना जागीच गेले. आल्हादचं गालाचं हाड मोडलं. पोलिसांना त्याने दोन शब्द सांगितले : "झोप लागली."

गालात प्लेट बसवली तेव्हा भूलतज्ज्ञांच्या लक्षात आलं की झोपेत त्याचा श्वास अडतो. तपासणीत आकडा निघाला : तासाला बेचाळीस वेळा.

"तुमची झोप अशी कधी होतच नव्हती," डॉक्टर म्हणाले. "झोपलात की जीभ मागे पडते आणि वाट बंद होते."

झोपेत नाकातून हवा देणारं मास्कचं मशीन दिलं, पण पट्टा नेमका मोडलेल्या गालावर यायचा. तीन महिने त्याने प्रयत्न केला. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी दुसरा उपाय सांगितला : छातीत कातडीखाली छोटं यंत्र, तिथून जिभेच्या नसेपर्यंत तार. श्वास घेताना यंत्र नसेला हलका झटका देतं, जीभ पुढे सरकते. सगळे प्रश्न बायकोनेच, संपदाने, विचारले. आल्हादने सही केली.

ऑपरेशनची जखम भरल्यावर महिन्याने यंत्र सुरू केलं.

"काय वाटतंय?" तंत्रज्ञ मुलीने विचारलं.

"जीभ पुढे गेली."

"दुखतं का?"

"नाही."

काही आठवड्यांनी एका सकाळी त्याला आपोआप जाग आली. डोकं हलकं होतं. त्याने दूध आणलं, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. अशी सकाळ शेवटची कधी पाहिली होती ते त्याला आठवेना. अपघाताचा दिवस मात्र आता आठवायला लागला. नाना संत्रं सोलत होते. त्यांनी एक फोड पुढे केली होती, ती त्याने घेतली होती.

"आता सगळं नीट आठवतं," तो संपदाला म्हणाला.

"डॉक्टरांना सांगू या का?"

"ते म्हणतील, उपचार लागू पडले."

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. त्याला रडू आलं नाही. कामावर मात्र तो पुन्हा जायला लागला.

त्याची आई, कुसुमताई, अपघाताबद्दल कधीच काही बोलली नाही. दिवाळीनंतर एकदा म्हणाली, "दिंडोरीला अक्काकडे जायचंय. नेशील?"

"संपदा नेईल."

"तिला सुट्टी नाही. रात्री झोप झाली ना तुझी?"

"झाली."

त्याने पुढचं दार उघडलं. ती मागे बसली. त्याने गाडी पन्नासच्या वर नेली नाही. म्हसरूळ मागे पडलं, बागा सुरू झाल्या. आरशात पाहिलं तर आई सीटला डोकं टेकून झोपली होती. त्याने आवाज न करता तिच्या बाजूची काच वर घेतली आणि गाडी चालवत राहिला.