खमरियाचे एकेचाळीस हात

सुखराम मेश्राम यांचा उजवा हात वर गेला की मागचे चाळीस हात वर जात. खमरियाच्या कारखान्यातल्या कामगार संघटनेचे ते तेवीस वर्षं सचिव. हे वळण त्यांनीच लावलेलं. पक्षाच्या जिल्हा अधिवेशनात त्र्याहत्तर प्रतिनिधी, त्यांतले एकेचाळीस खमरियाचे. त्यामुळे उमेदवार कुणीही ठरवो, आधी चहा प्यायला खमरियालाच यावं लागे.

या रविवारी सिविल लाइंसमधल्या सभागृहात चौथा ठराव होता: परदेशातल्या शांतिसेनेतून भारतीय तुकड्या परत बोलवा. मागणीशी सुखरामांचं भांडण नव्हतं. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, असं त्यांचं मत. पण मसुद्यात 'भाड्याचे सैनिक' असे शब्द होते, आणि त्यांची मुलगी नीलिमा गेले आठ महिने दक्षिण सुदानमध्ये याच शांतिसेनेच्या इस्पितळात लष्करी परिचारिका होती. ते शब्द संघटनेच्या नावावर छापून येता कामा नयेत, एवढंच त्यांना हवं होतं.

मसुदा लिहिणारे रत्नाकर वकीलच अध्यक्ष. ते वीस मिनिटं बोलले. सुदान त्यांनी दोनदा काँगोत नेऊन ठेवलं. शेवटी न राहवून सुखरामांनी बोलायची परवानगी मागायला हात वर केला.

मागे चाळीस हात वर गेले.

"खमरियाच्या साथींचं समर्थन! ठराव मंजूर," वकील म्हणाले.

"अजी, मी बोलायला हात केला!" सुखराम मागे वळले. "अच्युत, तू काहून वर केला?"

"तुम्ही केला म्हणून, भाऊ." अच्युतने हात अजून खाली घेतला नव्हता.

"कशावर मत देऊन राहिले, ते ऐकत तरी जा!"

"तेईस साल में पहली बार पूछा आपने," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

सुखराम तणतणत माईकपाशी गेले. "भाड्याचे म्हणता? मग आमच्या कारखान्यातली ठेक्यावरची पोरंही भाड्याचीच? सरकार पाठवते, तिथे माणूस जाते. सरकारला शिव्या द्या ना, माणसाला काहून देता?"

दहा मिनिटं ते बोलले. तिसऱ्या रांगेत दोघे जेवणाच्या पंगतीचा अंदाज घेत होते.

"चलो," वकील घड्याळ पाहत म्हणाले, "ते शब्द काढावेत असं वाटणाऱ्यांनी हात वर करा."

इकडचे तिकडचे आठ-दहा हात वर आले. खमरियाचा एकही नाही. चाळीस जण सुखरामांच्या हाताकडे बघत होते. त्यांच्या डाव्या हातात माईक होता, उजव्यात मसुदा.

"करना क्या है, भैया?" अच्युतच्या शेजारचा कुजबुजला, सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

सुखरामांनी मसुदा दातांत धरला आणि उजवा हात वर केला. मागोमाग चाळीस. शब्द निघाले.

"एवढ्या भाषणाची काय गरज होती, सुखरामभाऊ?" वकील जेवायला उठता उठता म्हणाले.

संध्याकाळी नीलिमाचा फोन आला.

"शब्द काढले," सुखराम म्हणाले.

"म्हणजे लोकांना पटलं, बाबा?"

"काढले ना."

"ते नाही विचारून राहिली मी."

"तुझ्या आईला देतो," म्हणत त्यांनी फोन पार्वताबाईंच्या हातात दिला.